पाण्यापाशी थांबणारी पाखरी

पाखरीला विकून दोन वर्षं झाली, तरी सकाळी गोठ्याकडे पाय वळायचेच. शिंगरू असल्यापासून मी वाढवलेली घोडी ती. माझा मेहुणा सखाराम मुंबईत, ती गेली त्याच तबेल्यात मोतद्दार आहे. त्याचा निरोप आला, "दाजी, रविवारी पाखरी उड्यांच्या सामन्यात आहे." तिला गावाकडचं काही आठवत असेल का, एवढंच बघायचं होतं. निघालो.

पुण्याहून एस.टी.नं दादरला उतरलो. तिथून ट्रामनं लालबाग, एक आणा. भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं. सखारामच्या चाळीत बोंबलाचं कालवण आणि भाकरी झाली. जिन्यात शेजारी म्हणाले, "घोडी बघायला एवढ्या लांबून? पावणं, राणीचा बाग बघा, तिथं वाघ आहे!"

रविवारी सात रस्त्यावरून चालतच महालक्ष्मीला गेलो. ट्रामचे पैसे वाचतात, शिवाय देवीचं दर्शन आधी होतं. मग मैदान. मी विचारलं, "पहिला कोण येतो ते कळणार कसं?"

"शर्यत नाही ही, दाजी. एकेक घोडा एकटाच जातो. बांबू पाडला की चार दोष. अडला तर तीन, पुन्हा अडला तर सहा, तिसऱ्यांदा बाद. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचे वेगळे. दोष सगळ्यात कमी तो जिंकला. बरोबरी झाली तर अडथळे उंच करून घड्याळावर पुन्हा पळवतात."

"आणि हाक मारली तर?"

"अजिबात नाही! बाहेरून मदत केली म्हणून काढून टाकतील तिला."

मी ओठ मिटून बसलो. भोंग्यातून तिचं नवं इंग्रजी नाव आलं आणि पाखरी आत आली. अंगावर तुकतुकी आली होती. एकही बांबू हलला नाही. शेवटी पाण्याचा चर होता. तिथं ती थबकली. क्षणभर थांबून लगेच उडी मारली तर चालतं म्हणे, पण ती मान खाली घालून उभीच राहिली. अडली म्हणून तीन दोष. मग वळसा घेऊन तिनं चर अलगद ओलांडला.

"च्यायला, हातचा नंबर गेला!" सखाराम म्हणाला. माझे हात मात्र जोडलेले होते.

आमच्या ओढ्याच्या पलीकडे म्हसोबा आहे. उडी घेण्याआधी मी रोज तिला थांबवायचो, हात जोडायचो, मगच टाच द्यायचो.

सामन्यानंतर तबेल्यात तिनं माझा तळवा हुंगला. तिच्यावर बसणारे मेजरसाहेब म्हणाले, "बांबूंना भीत नाही, पाण्यालाच का अडते कळत नाही. असंच चाललं तर काढून टाकावी लागेल."

गप्प राहिलो असतो, तर आमचं तेवढं तिच्यात राहिलं असतं. पण तिची जागा गेली असती. मी सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मग मोडता येईल ही सवय."

गणपतीला सखाराम गावी आला. "दाजी, पाखरी पहिली आली! पाण्यावरून सरळ जाते आता."

"चांगलं झालं," मी म्हणालो. संध्याकाळी ओढ्यावर गेलो, हात जोडले. पाणी गुडघाभरच होतं, उतरून पलीकडे जाता आलं असतं. मी बराच वेळ अलीकडेच उभा राहिलो.