सत्काराची शाल

सत्कार म्हटलं की मला किळस येते. नुसता शब्द कानावर पडला तरी मानेला काहीतरी ओलसर चिकटल्यासारखं वाटतं आणि मी कॉलर झटकतो.

मी गोलकीपर. मखमलाबादच्या बाजूला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा. फुटबॉल शिकलो देवळाली कॅम्पात, जवानांच्या पोरांबरोबर. पुढे एका व्यावसायिक क्लबाने घेतलं, पण घेतलं ते बाकावर बसायला. अख्खा मोसम मी बाक झिजवला. शेवटी पहिला गोलकीपर दुखावला, कोच म्हणाला, पुढची मॅच तुझी, आणि मॅचच्या आधीच लीग बंद. कोरोना. उचला सामान, चला घरी.

घरी आलो तर गल्लीने रस्त्यावर बांबू आडवे टाकलेले. दर दसऱ्याला आमची फुलं फुकट नेणाऱ्या शेजारच्या काकू मला बघून खिडकी लावून घेत. मी मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहिलो. देवळं बंद, लग्नं बंद, झेंडू झाडावरच सडत होता आणि तो आंबूस वास पार अंथरुणापर्यंत यायचा. त्या सडक्या वाफ्यांमध्ये वडील मला बॉल मारायचे. जन्मात बॉलला पाय न लावलेला माणूस! रबरी चप्पल घालून किक मारायचे, तर बॉलच्या आधी चप्पलच माझ्याकडे यायची. वर मलाच ओरडायचे, "आडव की, बघत काय बसला!" त्या दिवसांतलं तेवढंच मला आवडीने आठवतं.

मग लीग पुन्हा सुरू होणार असं कळलं. सगळे संघ हॉटेलात कोंडून ठेवायचे, बाहेरच्या कोणाला भेटायचं नाही, सामने रिकाम्या स्टेडियमात. याला बबल म्हणायचे. आत शिरण्याआधी तपासणी, आणि ज्याची पॉझिटिव्ह येईल त्याच्या जागी दुसरा खेळाडू, मोसम संपेपर्यंत. कोचने फोनवर सांगितलं, "पहिल्या मॅचला गोलमध्ये तूच. फक्त स्वतःला जप." मी इतकं जपलं की आईच्या हातचं ताटसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवून घ्यायचो.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मागे चार-पाच कार्यकर्ते, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. "नाशिकचं नाव काढलंस! सत्कार तर झालाच पाहिजे." मी लांबूनच हात जोडले, म्हटलं, भाऊ, नको, माझी तपासणी आहे. वडिलांनी मला बाजूला घेतलं. "दारात आलेल्याला नाय म्हणू नये. उद्या रस्त्याचं, पाण्याचं काम ह्यांच्याकडंच हाय. जरा वेळ उभा ऱ्हा नि ये." वर भाऊंच्या माणसांनी हारही आमच्याच मळ्यातले मागून नेले.

समाजमंदिराच्या दारात सॅनिटायझरची बाटली होती, रिकामी. सत्कारमूर्ती बरेच होते, पण शाल एकच. एकाच्या खांद्यावर ती पडायची, फोटो निघायचा, की मागे उभा कार्यकर्ता अलगद ओढून घ्यायचा, घडी घालून पुन्हा भाऊंच्या हातात. नारळही तोच फिरत होता. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी अवाक्षर काढत नाही. माझ्या आधी एक रेशनदुकानदार होता. ठसका लागला तसं त्याने शालीच्याच टोकाने तोंड पुसलं. मी बघितलं. भाऊंनीही बघितलं. आणि तीच शाल माझ्या गळ्यात! कोमट, दमट, बामाचा आणि कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास. भाऊ अगदी कानाशी येऊन म्हणाले, "फोटोत हस की रे." शी!

हॉटेलच्या दारात तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, प्रवासातही लागला असेल. असेल बापडा! मला ती शालच आठवते, घरी फोनवरही मी तेच सांगितलं. पहिली मॅच मी एका बंद खोलीत ताप अंगावर घेऊन मोबाइलवर बघितली. गोलमध्ये दुसराच कोणी. स्टेडियमात चिटपाखरू नाही आणि टीव्हीवाले रेकॉर्ड केलेला जल्लोष वाजवत होते. खोट्या टाळ्या, आणि त्याही दुसऱ्याला. मोसम संपल्यावर क्लबाने करार वाढवला नाही. गल्लीत चर्चा अशी, की तिकडे पार्ट्या केल्या असणार याने.

सगळं उघडल्यावर भाऊ पुन्हा दारात. निवडणूक जवळ आली होती. "कोरोनावर मात करणाऱ्या खेळाडूचा सत्कार!" मी दार लावणार होतो, तर वडील शांतपणे म्हणाले, "चल." मला त्यांचाच संताप आला. तरी गेलो.

खांद्यावर शाल पडली आणि मी ओळखली. तीच. काठाची जर निघालेली, मागच्या वेळी माझ्या कपाळावरून ओघळलेल्या कुंकवाचा डाग तसाच, धुतलीही नव्हती मेल्यांनी. कार्यकर्त्याने सवयीने मागून ओढली, पण ती निघेना. वडील मंचावर चढून आले होते आणि दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं.

"सोडा ना बाबा, पुढचे लोक थांबलेत," कार्यकर्ता दबक्या आवाजात म्हणाला. भाऊ कॅमेऱ्याकडे बघून हसतच होते.

"नाय सोडणार," वडील म्हणाले, चांगलं मोठ्याने. "माझ्या पोराची मॅच खाल्ली हिनं. आता दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाय पडू द्यायची."

मळ्यावर येऊन त्यांनी ती पाचोळ्यावर टाकून पेटवली. धड जळलीही नाही, नुसती वितळून काळी, चिकट झाली. वडील काठीने ती ढोसत राहिले.

"तवा तू नको म्हणत होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मीच ढकललं तुला."

ते खरं होतं. मी आणखी पाचोळा ओढून त्या गोळ्यावर टाकला.