नाचातली मागची ओळ

सान्वीनं माझा अंबाडा मुठीत धरला आणि माझं डोकं आरशावर आपटलं. दोघी मुलींनी माझे हात पाठीमागे पिळून धरले होते. तिसरीनं माझ्या कपाळावर, गालांवर लिपस्टिक फासली.

"डान्स लाह," सान्वी इथल्या इंग्रजीत हसून म्हणाली. मग मराठीत, फक्त मला कळावं म्हणून, "नाच ना. तुमच्यात तेच करतात."

मी तेरा वर्षांची होते. इथे परदेशात, चोआ चू कांगच्या शाळेत, सेकंडरी वनला, म्हणजे सातवीत. दिवाळीच्या कार्यक्रमात आमचं लोकनृत्य होतं आणि रंगीत तालीम सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

सुरुवात आठवड्यापूर्वी झाली होती. सान्वीची आई नऊवारी नेसवायला शाळेत आली. एकेकीला नेसवत माझ्यापर्यंत आली.

"गाव कुठलं तुमचं?"

"सातारा जिल्हा, काकू."

"आडनावावरून कळेना. आजोबा काय करायचे?"

मी अभिमानानं सांगितलं, "हलगी वाजवायचे. पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं."

काकूंचा हात थांबला. त्यांनी निऱ्या सोडून दिल्या. "तुझं तू नेस." पर्समधून सॅनिटायझर काढून हात चोळले. कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या ओळीतून मागच्या ओळीत गेले. कारण सांगितलं उंचीचं. सान्वी माझ्याहून उंच होती, ती पहिल्या ओळीतच राहिली.

घरी आईला विचारलं. आईनं आधी दार लावलं. मग तेरा वर्षं लपवलेली आमची जात मला सांगितली. कुजबुजत. जणू आम्हीच काही चोरलं होतं.

हे सगळं त्या आरशासमोर माझ्या डोक्यात उसळलं. माझा एक हात सुटला. टेबलावर माझे घुंगरू पडले होते. उचलले आणि फिरवले. सान्वीच्या भुवईवर बसले. रक्त आलं. ती खाली बसली, तरी मी पुन्हा मारलं. ती किंचाळत होती, तरी मारलं. टीचरनं मला कमरेतून उचललं, तेव्हा माझे दात सान्वीच्या मनगटात रुतलेले होते.

तासाभरात सगळे प्रिन्सिपलच्या खोलीत. सान्वीचे आईवडील खुर्च्यांवर. माझे बाबा तुआसच्या जहाज दुरुस्तीच्या यार्डातून तसेच आलेले, सेफ्टी बुटांत, उभे. बाबा तिथे मरीन इंजिनियर. सान्वीचे वडील त्यांचे मॅनेजर.

"माफी माग," बाबा हळूच म्हणाले. "माझा इथे काम करायचा पास रिन्यूअलला आहे, बाळा."

प्रिन्सिपलनी मला विचारलं, ती काय बोलली? मला इंग्रजीत शब्द सापडेना. काकू मध्येच म्हणाल्या, "इट्स जस्ट अ कल्चरल थिंग."

मग मला शब्द सापडले. "शी सेज माय फॅमिली इज बॉर्न डर्टी. हर मदर क्लीन्ड हर हँड्स आफ्टर टचिंग मी."

सान्वीच्या वडिलांनी बाबांकडे बोट केलं. "मुलीला वळण लावा."

आणि बाबांनी मला मारलं. सणसणीत. गाल सुन्न पडला. प्रिन्सिपल खुर्चीतून उठल्या.

"बाबा, यांना भिऊन मारलंत ना?" मी विचारलं.

बाबांनी मला माफी मागायला पुन्हा सांगितलं नाही.

मला शाळेतून तीन दिवस काढलं. नाचातून कायमचं. सान्वी टाके घेऊन पहिल्या ओळीत नाचली. बाबांच्या कंपनीनं पास रिन्यू केला नाही. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. बाबांना सेम्बावांगच्या यार्डात दुसरी नोकरी मिळाली, खालच्या पदावर.

नंतर शाळेनं एक पत्र पुढे केलं. दोन्ही मुलींमध्ये 'गैरसमज' झाला होता, असं त्यात होतं. सही केली की नाचात परत घेणार. मी तो शब्द खोडला. वर लिहिलं, 'जात'. त्यांनी पत्राची नवी प्रत आणून ठेवली. मी तीही खोडली.

आता मी सोळा वर्षांची आहे. मी तिचं रक्त काढलं, हे मी कधी नाकारलं नाही. त्याची शिक्षा भोगली. त्यांनी जे केलं त्याला अजून नावसुद्धा दिलेलं नाही. माझी जात विचारा, दार उघडं ठेवून सांगेन. पण 'गैरसमज' या शब्दाखाली माझी सही होणार नाही.