शॉर्टस्टॉपनं बोलणी मोडली

बेसबॉल मी मैदानावर एकदाही पाहिलेला नाही. सोलापुरात तो कुठं पाहणार? पण माझ्या लॅपटॉपमध्ये बेसबॉलचा एक संघ आहे आणि त्याची मॅनेजर मी. या गेममध्ये बॅट हातात घ्यायची नसते. खेळाडू आणायचे, सोडायचे, कुणाचा करार वाढवायचा नि कुणाचा नाही ते ठरवायचं. कामावरच्या एका मैत्रिणीनं नाद लावला आणि लग्न होऊन ती पुण्याला गेली; नाद माझ्याकडं राहिला.

घरात आम्ही दोघंच, मी आणि दादा, म्हणजे माझे वडील. दादा कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा गेटवर शेवटपर्यंत घोषणा देत उभं राहणाऱ्यांतले.

एका रविवारी दुपारी मी माझ्या शॉर्टस्टॉपशी बोलणी करत बसले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यांच्या, मधे उभा राहून चेंडू अडवणारा तो गडी, माझा सगळ्यात भरवशाचा. दादा शेजारी शेंगा फोडत बसले होते.

"काय मागतोय त्यो?"

"चार वर्षांचा करार."

"मग तू?"

"दोन देते म्हणाले."

"काम वाईट करतो व्हय?"

"नाही हो. पण एकतीस वर्षांचा आहे. पुढं पळायला जमणार नाही त्याला."

"आतापतूर पळाला, त्ये कुणासाठनं?"

तेवढ्यात त्याच्या एजंटचा निरोप स्क्रीनवर आला: वर्षं चारच हवीत, शेवटच्या वर्षी पगार कमी चालेल. एजंट म्हणजे खेळाडूच्या वतीनं बोलणारा, असं मी दादांना सांगितलं.

"मंजे युनियनवाला मन की."

मी आणखी ताणलं. दोन वर्षं पक्की, तिसरं आमच्या मर्जीवर. "मर्जीवर मंजे?" दादांनी विचारलं. तिसऱ्या वर्षी ठेवायचं की नाही ते संघ ठरवणार, मी म्हणाले.

"आन त्येला न्हाय इचारायचं?"

"नाही."

मी बटण दाबलं. उत्तर लगेच आलं. या प्रस्तावामुळं खेळाडू नाराज झाला आहे, हंगाम संपेपर्यंत तो बोलणी करणार नाही. खालचं प्रस्तावाचं बटण करडं पडलं. कितीही दाबलं तरी काही होईना.

"मोडली का बोलणी?" दादांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास रं गड्या!"

"दादा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"त्ये सांगाय पायजे व्हय?"

तो हंगामभर माझ्यासाठी झकास खेळला आणि संपताच दुसऱ्या संघात गेला. मला राग आला, पण रागापेक्षा हेवा जास्त वाटला. तो खरा माणूस नव्हता, कुणीतरी लिहिलेला हिशेब होता, हे मला कळतं. पण त्या हिशेबात त्याला 'नको' म्हणायची सोय ठेवलेली होती.

मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचं काम बघायची. अकरा महिन्यांचा करार, मग थोडे दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. त्या वर्षी नव्या साहेबांनी पुढच्या कराराचा कागद पुढं सरकवला.

"नेहमीचंच आहे मॅडम. करा सही."

"कायम कधी करणार, साहेब?"

"पुढच्या वेळी बघू."

"मागच्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं."

ते हसले. "सगळे करतात सही. तुम्हालाच काय अडचण आहे?"

"कायमची ऑर्डर द्या. नाहीतर मी सही करणार नाही."

"जागा दुसऱ्याला जाईल मग."

"जाऊ द्या."

मी पेनाचं टोपण लावून पेन त्यांच्यासमोर ठेवलं.  

चालू करार संपेपर्यंत रोज गेले आणि एकाही टॉवेलची किनार न बघता सोडली नाही. बसमध्ये पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "ताई, तुमाला जमतंय. आमी लेकरं घिऊन कुटं जावं?" ती सही करून आली होती. तिचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मला वाटलं होतं, साहेब बोलावतील. कुणी बोलावलं नाही. मावशी घरी येऊन म्हणाली, "बाईमाणसाला एवढा ताठा बरा न्हाय."

"ताठा माझ्याकडनं आलाय तिला," दादा म्हणाले. "काय बोलायचं त्ये मला बोल."

उन्हाळा तसाच गेला. मग अक्कलकोट रोडला सूत रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण ऑर्डर कायमची. नातेवाईक याला नुकसान म्हणतात. म्हणू देत.

पहिल्या दिवशी मालकांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

मी जे झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे इथंही अडून बसणार?"

"तशी वेळ आली तर बसेन."

कोपऱ्यातलं टेबल दाखवत ते म्हणाले, "तिथं बसा. वरचा पंखा बंद आहे, खिडकी उघडून घ्या."

मी खिडकी उघडली आणि कामाला लागले.