काऊनचा रकाना

ऑफिसात कोणी काहीही विचारलं, की सर बोलण्याआधी टेबलावरची दोनशेपानी वही पुढं सरकवत. "यात लिहिलं असन. पाहून घे."

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो या सरांचा. नाव देत नाही. छापलेलं पाहिलं की ते विचारतील, काऊन छापलं?

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात सर आणि मी असे दोघं होतो. कापूस आणणारे शेतकरी मोबाइलवरून नंबर लावत आणि फाटकावर त्यांचं टोकन छापलं जाई. हा सगळा प्रोग्राम सरांनी उभा केला होता. त्याआधी ते देवळीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत, म्हणून आमच्यासाठी सर आणि जिनिंगचे मालक शेठजी यांच्यासाठी मास्तर. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पदवीत जे कळलं नव्हतं ते सरांनी न रागावता शिकवलं.

वहीत तीन रकाने होते. काय केलं, कोणी केलं, आणि काऊन, म्हणजे का केलं. खाडाखोड झाली तर ज्यानं मूळ नोंद लिहिली त्यानंच बाजूला सही करायची. सर चहाची किटली बदलली तरी नोंद करत.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी टोकनवर गावांची नावं मराठीत छापली जाईनात. मी इंटरनेटवरून एक छोटी फाइल शोधली आणि प्रोग्रामच्या नव्हे, तो ज्याच्यावर चालतो त्या सर्व्हर नावाच्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात नेऊन ठेवली. नावं छापली जाऊ लागली. का, ते मला कळलं नाही. मग काऊनच्या रकान्यात काय लिहिणार? म्हणून वहीत नोंदच केली नाही.

दोन वर्षांनी आमचा जावाचा जुना सर्व्हर बंद पडायची वेळ आली. त्याच्या कंपनीनं दुरुस्त्या देणं थांबवलं होतं. कापूस सुरू व्हायच्या आत प्रोग्राम दुसऱ्या जावा सर्व्हरवर न्यायचं सरांनी ठरवलं. शेठजींना ते पटेना. कॉम्प्युटर तोच, टेबल तेच, मग बदलणार काय, असं ते तीनदा विचारून गेले. शेवटी सर म्हणाले, "जिनिंगचं मशीन तेच राह्यते शेठजी, मोटर बदलते."

"मग पट्टा पाहजा," शेठजी म्हणाले. मोटर बदलली की पट्टा निसटतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. मग ते निश्चिंत झाले.

खरेदी सुरू व्हायला तीन दिवस होते. नव्या सर्व्हरवर प्रोग्राम उठला, नंबर लागले, पण टोकन छापेना. एक फाइल सापडत नाही, एवढंच तो सांगत होता. सरांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. किटलीची नोंदसुद्धा वाचली. दुपार झाली, जेवणाचा डबा तसाच. शेठजी दर अर्ध्या तासानं दारात येऊन पट्ट्याची चौकशी करत होते. गाड्या फाटकाबाहेर अडकल्या तर सरांची अब्रू जाणार होती, आणि कारण माझ्या पोटात होतं.

चारच्या सुमारास मी अगदी आत्ताच नजरेस पडल्यासारखं म्हणालो, "सर, जुन्या सर्व्हरच्या फोल्डरात एक फाइल दिसते."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं. ती फाइल नव्या सर्व्हरच्या फोल्डरात न टाकता त्यांनी प्रोग्रामच्याच आत बांधली. आता कुठंही नेला तरी हा आपला डबा सोबत नेईल, म्हणाले. पहिलं टोकन निघालं, गावाचं नाव मराठीत: आंजी (मोठी).

शेठजींनी सगळ्यांसमोर विचारलं, फाइल तिथं कोणी ठेवली होती?

"मीच," सर म्हणाले. "लिहाची राहून गेली."

"मास्तर, तुमचाच पट्टा निसटला म्हणजे." सगळे हसले. मीही हसलो. तो हंगामभर सरांना काटेवाला, हमाल, चहावाला, सगळे पट्टा कसा आहे म्हणून विचारत राहिले.

त्या संध्याकाळी सरांनी वहीत लिहिलं. कोणी केलं: स्वतःचं नाव. मग म्हणाले, "ते फाइल काऊन चालत होती ते आता तुले समजलं का?" मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. "लेका, समजलं नाई त 'समजलं नाई' असं लिहाव. रकाना भरला ना."

मागच्या वर्षी सर निवृत्त होऊन आंजीला गेले. वांगी लावली आहेत म्हणे, आणि वांग्यांचीही वही ठेवली आहे. जाताना ऑफिसची वही त्यांनी माझ्या टेबलावर सरकवली. गेल्या सोमवारी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"आदरणीय सर, सा. न.

आज शेठजींना सांगितलं की ती फाइल मी ठेवली होती. ते म्हणाले, मास्तरला कळव, पट्टा जाग्यावरच होता.

वहीत तुमचं नाव खोडून माझं लिहिलं आहे. पण नोंद तुमच्या हातची, म्हणून खाडाखोडीवर सही तुमचीच लागेल. त्यासाठी एकदा या.

खाली एक नवी नोंद केली आहे. काय केलं: दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर घेतली. कोणी केलं: सरांनी. काऊन केलं: समजलं नाई."