खुर्चीच्या उंचीची गाडी

गाडी घ्यायची झाली की म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळींत अजूनही मला विचारतात, आणि मी सांगते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, गाड्या विकल्या नाहीत. पण शोरूममधला माणूस गाडीचे गुण सांगत बसतो आणि मी घेणाऱ्यालाच विचारते, की बाबा रे, तू रोज जातोस कुठे आणि सोबत कोण असतं? निम्म्या लोकांची गाडी तिथेच बदलते.

माझा भाचा हेब्बाळच्या एका आयटी कंपनीत आहे. त्याला छपरात काच असलेली मोठी एसयूव्ही हवी होती, आणि कामावर तो कंपनीच्या बसने जायचा. आठवडाभर झाकून ठेवायला एवढं धूड कशाला? त्याला मी चांगल्यातली हॅचबॅक घ्यायला लावली. रोज हायवेने बेंगळुरू गाठणाऱ्या शेजाऱ्याला सेडान सांगितली, कारण वेगात ती रस्ता धरून राहते. घरात सासू-सासरे आणि तीन पोरं असलेल्या मैत्रिणीला सात सीटची सुचवली, पण शेवटच्या रांगेत आधी स्वतः बसून ये आणि मगच पैसे भर, असं बजावून. सीएनजीवाल्याला मी अर्धी डिक्की टाकीत जाते ते दाखवते. ज्याला दाराशी चार्जिंग करता येतं आणि जो गावाबाहेर क्वचित जातो, त्याने खुशाल इलेक्ट्रिक घ्यावी. माझे सल्ले सहसा चुकत नाहीत, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

मग आमच्याच घरची वेळ आली. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती जयलक्ष्मीपुरमच्या घराबाहेर पडली नव्हती. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, लष्कर मोहल्ल्यात राहते. काका अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिला घर सोडून इतक्या लांब येता येत नव्हतं. पूर्वी दोघी दर आठवड्याला भेटायच्या. आता फोन उरला होता, पण दोघींनाही ऐकू कमी. “जेवलीस का?” एवढंच दोन्हीकडून ओरडून व्हायचं आणि आई फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची. मला ते बघवत नसे.

माझी जुनी गाडी इतकी बुटकी, की बगलेत हात घालून उचलल्याशिवाय आईला आत बसता येत नव्हतं. आणि उचलून घ्यायला ती तयार नव्हती. “मला उचलायचं ते एकदाच,” ती म्हणाली, “आणि तेव्हा मला विचारायला येऊ नका.” तेव्हा आईला कुणाचा हात न लागता बसता येईल आणि माझ्या पेन्शनला झेपेल, अशी गाडी मला हवी होती.

शोरूमची मंडळी गाडी दाराशी आणून दाखवतात. आईने दोन मिनिटं बसून बघितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण आमच्या घराण्यात पूजा झाल्याशिवाय नव्या वाहनात कुणी बसत नाही. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. नव्या घोड्यालाही आधी कुंकू लावायचे आणि मग स्वार व्हायचे, असं आई सांगते. गाडी घेऊन आलेला मुलगा कन्नडमध्ये गयावया करत होता. आईने “बेडप्पा” म्हणून त्याला हाताने नको केलं आणि वर सरबत पाजून पाठवलं.

आई बसत नाही, तर तिची खुर्ची मोजू. घरात एकाच खुर्चीवरून ती आधाराशिवाय उठते. मी टेप घेऊन त्या खुर्चीची उंची घेतली आणि येईल त्या गाडीची मागची सीट तिच्याशी ताडून पाहू लागले.

“सुम्ने, उगाच का मोजतेस ग?” आई विचारायची. “देवाचं नाव घे आणि एक घेऊन टाक, आयतु, झालं.”

सेडान वीतभर खाली निघाली. मोठ्या एसयूव्हीत चढावंच लागत होतं, आणि पायरी लावून देतो म्हणणाऱ्याला खुब्याचं दुखणं ठाऊक नव्हतं. दिसायला देखण्या हॅचबॅकचं छप्पर मागे इतकं उतरतं, की टेप घेऊन आत वाकताना माझंच डोकं आपटलं. शेवटी स्वस्तातली एक उंच, चौकोनी छोटी गाडी आली. सीट थेट खुर्चीच्या उंचीची, दार सताड उघडणारं.

“आत्या, हा ब्रेडचा डबा आहे,” भाचा म्हणाला.

“असू दे. डब्यात ब्रेड चांगला राहतो.”

आयुधपूजेला गाडी दारात उभी होती. पाटावर पूर्वजांची तलवार, शेजारी गाडीची किल्ली, बॉनेटवर झेंडूची माळ. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. आईने वॉकर धरून येऊन गाडीला कुंकू लावलं. मग दाराकडे पाठ केली, खुर्चीवर बसते तशी बसली आणि एकेक पाय आत ओढून घेतला. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

“चल, तिच्याकडे,” आई म्हणाली.

लष्कर मोहल्ल्यात दुकानादुकानांतून घंटा चालल्या होत्या, रिक्षांना हार घातले होते. मावशीच्या दाराशी गाडी लावून मी उतरले आणि समोर जिना दिसला. मावशीचं घर दुकानाच्या वर, जिना उभा आणि अरुंद. लहानपणापासून मी तो चढत आले होते. इतके आठवडे सीटा मोजल्या, पण जिना एकदाही डोक्यात आला नाही.

सणाच्या सुट्टीमुळे घरी असलेला मावसभाऊ धावत खाली आला. “अक्का, मी खुर्ची आणतो. मावशीला तिच्यात बसवून आपण दोघं उचलून वर नेऊ.”

मी खिडकीशी वाकले. “आई, जिना…”

“मला ठाऊक आहे जिना,” आई म्हणाली. “तिचे पाय धड आहेत न? तिला म्हण, खाली ये. याला काकांपाशी बसव.”

मावशी भिंत धरत उतरली. आई सरकली आणि मावशी तिच्या शेजारी बसली. मी उत्साहाने म्हटलं, “राजवाड्यापर्यंत एक चक्कर मारू?”

“साकु, पुरे एवढं,” आई म्हणाली. “तू बाहेर थांब. काचा वर कर आणि दार लाव.”

मी दार लावलं. रस्त्यावर घंटा, ढोल आणि हॉर्न यांचा नुसता गोंगाट होता. आत दोघींची डोकी जवळ आली होती, ओठ सावकाश हलत होते आणि दोघींपैकी कुणीही ओरडत नव्हतं.