मामाचं गाणं आणि आमचा हौद

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, तू मेलेली आहेस का?" प्रश्न योग्य होता. मामाच्या गाण्याच्या शेवटी बाईचा जो आवाज येतो, 'वर ये आता', तो त्याच्या स्वर्गवासी आईचा आहे, असं त्या गाण्याखाली लोकांनी लिहून ठेवलं आहे. कित्येकांनी हात जोडले आहेत. मामाने कधी खुलासा केलेला नाही. परवा लातूरच्या भाजीबाजारात कोथिंबीरवाली मला म्हणाली, "त्या गाणाऱ्याच्याच गल्लीत ऱ्हाता न्हाई का तुम्ही? लई वाईट झालं. आई गेली म्हणं बिचाऱ्याची."

"हो का," मी म्हटलं, आणि जुडी घेऊन घरी आले. तेव्हाच ठरवलं की आता हे सगळं क्रमाने लिहून काढायचं.

मी निवृत्त झाले आणि वरच्या तीन खोल्या मेडिकलच्या परीक्षेसाठी लातूरला येणाऱ्या मुलींना भाड्याने दिल्या. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात अशा मुली आहेत. जिन्यात मी नियम टाइप करून लावले. पहिला नियम: घरात आवाज होणार नाही. दुसरा: माणशी रोज एक बादली पाणी. आणि त्याच वर्षी तुमच्या मामाने रॉक बँड काढला.

बँडमध्ये तिघं. गाणारा आणि पुढारी तुमचा मामा. गिटार वाजवणारा त्याचा मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ड्रमवाला किल्लारीहून जीपच्या टपावर ढोल बांधून यायचा. पहिल्याच दिवशी वरून एक मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक हातात धरून खाली आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. नियम माझाच होता. मी मामाला म्हटलं, "गायचंच असेल तर हौदात जाऊन गा."

मी रागाने म्हटलं होतं. ते तिघं शिडी घेऊन आले.

आपला हौद अंगणाखाली आहे. सहा बाय आठ, पुरुषभर उंचीपेक्षा थोडा जास्त खोल, वर लोखंडी झाकण. त्या उन्हाळ्यात नळ दहा दिवसांनी यायचा आणि आलेलं पाणी थेट बादल्यांत जायचं, त्यामुळे हौद कोरडा ठणठणीत होता. मामा आत उतरला. गिटारवाला शिडीच्या मधल्या पायरीवर बसला. ड्रमवाला मात्र वरच थांबला.

"न्हाई काकू. स्लॅबच्या खाली मी बसत न्हाई. आईला शब्द दिलाय."

त्याच्या आईने भूकंप पाहिलेला. त्याने झाकणाशेजारी ढोल मांडले, आवाज दाबायला त्यांवर माझ्या गोधड्या टाकल्या आणि कापूस पिंजल्यासारखा वाजवत राहिला. खालून मामाचा आवाज येई तो मात्र काही वेगळाच. प्रत्येक ओळ भिंतींवर आपटून दुसऱ्यांदा यायची, पहिल्यापेक्षा मोठी आणि चांगली. त्याला स्वतःचा आवाज पहिल्यांदाच आवडला असावा.

सहा महिन्यांनी नांदेडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मीही गेले होते, दुसऱ्या रांगेत. उघडं मैदान. मामाने पहिली ओळ म्हटली आणि थांबला. ती परत यायची वाट पाहत होता. ओळ गेली ती गेलीच. दुसऱ्या ओळीनंतरही थांबला. पोरं ओरडली, "विसरला रे, विसरला." तो काही विसरला नव्हता. त्याला त्या जोडीदाराची सवय लागली होती.

उपाय म्हणून देवणीच्या कार्यक्रमाला त्यांनी हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी टेम्पोत घालून नेली. मामाने तिच्यात डोकं घालून तासभर गायलं. लोकांना पाठ दिसली. परत येताना ड्रमवाल्याने सांगून टाकलं, "लोकं आपल्याला टाकीवाले म्हणून राहिले. मी लग्नाच्या बँडमध्ये चाललो. तिथं निदान फेटा देतेत." गिटारवाल्याला हैदराबादला नोकरी लागली. मामा एकटा उरला आणि हौदात उतरून एकच गाणं करत बसला. तीन कडवी झाली होती. चौथं जमत नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. धरण भरलं. उद्या सकाळपासून नळाला तीन तास पाणी, अशी गल्लीत रिक्षा फिरून गेली. मी हौद धुवायला काढला.

"आई, चार दिवस थांब. हौद भरला की हा आवाज संपला. मला तो दुसरीकडे कुठे मिळाला नाही, तू पाहिलंस," मामा म्हणाला.

एकीकडे मुलगा, दुसरीकडे माझाच दुसरा नियम. मी मुलींची बैठक घेतली. त्यांनी वर्षभर एका बादलीत भागवलं होतं. शिरूर अनंतपाळची मुलगी सगळ्यांच्या वतीने बोलली.

"काकू, पाणी पायजेच. पन तेवढं चौथं कडवं म्हनायला सांगा. तिसऱ्यावर येऊन ते रोज थांबतेत. आमचं बी फिजिक्स तिथंच अडकून राहिलंय."

मामाने मान डोलावली. सकाळी नळ सुटायच्या आधी तो आत उतरला. रेकॉर्डिंगसाठी मोबाईल शिडीला बांधायला काही सापडेना, तेव्हा मी परकराची नाडी दिली. ड्रमवाला लग्नाला निघाला होता. डोक्याला फेटा, वाटेत माझ्या गोधड्या परत करायला आलेला. मामाला पोहता येत नाही हे त्याला माहीत होतं. लातूरला पोहायचं कुठे? त्याने मामाच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि झाकणावर बोटांनी ठेका धरला.

नळ सुटला. पहिलं कडवं घोट्याएवढ्या पाण्यात झालं. मग मामा चुकला आणि पुन्हा सुरुवात केली. असं पाच वेळा. पाणी चढेल तसा तो परत येणारा आवाज आखडत गेला. मी घड्याळ बघत होते. मुली रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात ओळीने बसल्या होत्या. पाणी मांडीला लागलं तेव्हा त्याने तीन कडवी पार केली, थांबला, आणि चौथं म्हटलं. कुठून आलं, त्याला आजही सांगता येत नाही. शेवटची ओळ परत आलीच नाही. पाण्याने ती ठेवून घेतली. मला वाटलं झालं, म्हणून मी वाकून म्हटलं, "वर ये आता. चहा गार होतोय." रेकॉर्डिंगमधून चहा त्याने कापला, बाकीचं ठेवलं.

त्या एका गाण्यावर मामा पुण्याला गेला आणि आता एकटाच गातो, थांबत नाही. मुलाखत घेणारे त्या गाण्यामागे ऐकू येणाऱ्या समुद्राबद्दल विचारतात. तो समुद्र म्हणजे लातूरचा नळ. झाकणावर ठेका देणाऱ्याला उशीर झाला आणि नवरदेव अर्धा तास घोड्यावर बसून राहिला, हेही नोंदवून ठेवते.

मी आहे. रक्तदाब नियमित आहे. हौदात आज काठापासून चार बोटं कमी पाणी आहे. शिडीला परकराची नाडी अजून बांधलेली आहे.