बाबांच्या नावच्या पाच मुठी

जायचं ठरलं ते हेव्यातून, हे आधीच सांगून टाकते. धरणगावजवळच्या आमच्या मळ्यावर माझी चुलत बहीण सारिका राहते. तिने एक दिवस पणजोबांच्या गावच्या विहिरीचा फोटो पाठवला. मी दोन वर्षं वहीत वंशावळ लिहीत होते, बाबांना प्रश्न विचारून बेजार करत होते, आणि ही सहज तिथे उभी राहून आली! शिवाय एक धास्तीही होती. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच मुठी गहू घेतात, आणि त्याचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे असतात. बाबा वीस वर्षांत मळ्यावर गेलेले नाहीत. त्यांच्या मुठी अजून पडतात का? फोनवर विचारायचा धीर झाला नाही. रोटांच्या आदल्या दिवशी पहाटे मी पुण्याहून धुळ्यात उतरले.

पणजोबांचं पांझरेकाठचं गाव तिथून एसटीने तासाभरावर आहे. बायकांना अर्धं तिकीट, पण परतीच्या बस मोजक्याच, तेव्हा सकाळचीच गाडी धरा. पणजोबांच्या खळ्यावर आता दुसऱ्यांची कपाशी आहे. आपली म्हणावी अशी फक्त ती विहीर. बांधावरच्या एका आबांनी विचारलं, "कोनी पोर शे वं माय तू?"

"नथ्थूबाबांची पणती."

"मंग आते येवाले भेटनं का तुले? तुनी बहीन आठ दिन पहिलेच ईसन गई. इहीरवर नारय फोडी गई. तिले बठ्ठं माहीत शे, गोठा कथा व्हता, खयं कथा व्हतं."

गोठा कुठे होता ते मला माहीत नव्हतं. मी ते आबांना विचारून वहीत लिहून घेतलं. विहिरीचा फोटो मात्र काढला नाही. तिच्याकडे होता ना.

धुळ्याला परत येऊन शेवभाजी खाल्ली (रस्सा जहाल असतो, ताक आधीच मागवा) आणि अमळनेरमार्गे धरणगाव गाठलं. स्टँडवर सारिका स्कूटर घेऊन उभी होती. मळा म्हणजे पत्र्याची दोन घरं, गोठा आणि मागे गुडघाभर कपाशी. तिच्या हाकेला म्हशी वळतात. मी हाक मारली, तर एकीने मान वर केली आणि पुन्हा चाऱ्यात घातली.

"तिला घरच्यांचाच आवाज कळतो," सारिका हसली. चेष्टाच होती. मला झोंबली.

दुसऱ्या सकाळी तिची आई, माझी काकी, सूप घेऊन बसली. सारिका नावं घेत होती आणि काकी मुठी टाकत होती. भटूआबा, हिलालनाना, दगाभाऊ... समोर कागद नाही, अडखळणं नाही. मी वही घट्ट धरून बसले होते. सहावं नाव आलं, "प्रकाशकाका, पुणं." पाच मुठी पडल्या.

"दर वर्षी टाकता?" मी विचारलं.

"मी तं इसरी जास," काकी म्हणाली आणि सारिकाकडे बोट दाखवलं. "हाईच टाकाले लावस."

आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या वडिलांची जागा कुणीतरी राखली होती, आणि ती राखणारी मी नव्हते.

जेवताना सारिका रोट अगदी हळू खात होती. मी कारण विचारलं.

"दिवाळीनंतर लगन शे मनं. मंग मी दुसरा कुळनी. पुढला साल मले हाऊ रोट चालाव नई." मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "तुनं बरं शे वं. तुनं लगन आजून नई."

विहिरीवरचा नारळ निरोपाचा होता, ते तेव्हा समजलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो लपवत नाही: बरं झालं. लाज वाटली ती त्यानंतर. तोवर तिने माझी वही मिटून बाजूला ठेवली होती. "नावं लिहू नको. पाठ कर. आई विसरते."

जळगावहून रेल्वेने परतले. आता भांडी घासताना नावं म्हणते. बाबांपर्यंत नीट पोचते, सातवं अडतं. वही उघडायची नाही असं ठरवलंय. काल सारिकाला फोन करायला हात धजेना. ती एका दमात सांगणार, आणि मला ते सोसणार नाही.

तरी केला. तिने सातवं सांगितलं, आणि न विचारताच पुढची सगळी, अगदी शेवटपर्यंत. आठवं-नववं मला येत होतं. तरी मी तिला थांबवलं नाही.